टेबल दर पावसाळ्यात चिकट होतं? तेलाची बाटली उघडण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते, फक्त विचारणारा बदलतो. खोक्यातून आलेलं, घरी स्क्रू पिळून उभं केलेलं टेबल पहिलं वर्ष झकास दिसतं. दुसऱ्या वर्षी ते कोरडं, उतरलेलं वाटायला लागतं. मग कुणीतरी सांगतं की लाकडाला तेल पाजावं लागतं. पाजलं जातं. दोन दिवस चकाकी, आठवड्याभरात हात टेकवला की चिकचिक, जुलैत त्यावर ठेवलेलं वर्तमानपत्र उचलताना चर्र असा आवाज आणि ऑगस्टात कोपऱ्यात पांढरी बुरशी. पुसायचं, पुन्हा तेल द्यायचं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

या फेऱ्यातून मी स्वतः तीन पावसाळे गेलोय, म्हणून आधी उत्तर सांगून टाकतो. घरी जोडायच्या फर्निचरपैकी बहुतेकाला तेल लावायचंच नसतं. ज्याला लावायचं असतं, त्याला स्वयंपाकघरातलं तेल चालत नाही. आणि जे दुखणं आपण कोरडेपणाचं समजून तेल चोळत बसतो, ते निम्म्या वेळा पाण्याचं असतं.

माझ्या टेबलाचं काय झालं

लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा ऑनलाइन मागवलेलं साधं टेबल. चार फूट बाय दोन फूट, अक्रोडी रंग, वर लाकडाच्या छान रेषा. 2022 च्या मे महिन्यात देवरुखहून आत्या आली. टेबलावरून बोट फिरवून म्हणाली, "अरे, किती रुक्ष झालंय हे! तेलाचं बोट तरी लावतोस का कधी?"

"आत्या, टेबलाला कोण तेल लावतं?"

"आमचा झोपाळा बघ. आजोबांच्या वेळचा आहे."

झोपाळ्याबद्दल तिचं शंभर टक्के खरं होतं. सागवानी पाट, दीड इंच जाड, तीन पिढ्या बसून बसून गुळगुळीत झालेला. शिमगा झाला की ते लोक त्याला जवसाचं तेल फडक्याने चोळतात आणि दोन दिवस अंगणात उन्हात टाकतात. कोकणात घराच्या वाशांना काजूच्या टरफलाचं तेल फासायचे, होड्यांनाही. काळंकुट्ट, हाताला लागलं तर फोड आणणारं, पण वाळवी फिरकत नसे. तेल आणि लाकूड यांचं नातं आपल्याकडे असं पिढ्यांचं आहे. चूक एवढीच झाली की तोच हात माझ्या टेबलावर फिरला, आणि जवसाचं तेल घरात नव्हतं म्हणून खोबरेल घेतलं.

त्या वर्षी टेबल ओशट राहिलं. बाहीला डाग, वहीला डाग. पुढच्या वर्षी मी थोडं वाचलं, खोबरेल वाळत नाही हे कळलं, आणि मोठ्या हुशारीने रंगाच्या दुकानातून बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, आणलं. निकाल आणखी वाईट. खोबरेल निदान पुसून निघत होतं, हे अर्धवट वाळलेल्या डिंकासारखं बसलं. एका सकाळी लॅपटॉप उचलला तर त्याचा एक रबरी पाय टेबलावरच राहिला. तिसऱ्या वर्षी उजव्या कोपऱ्याची कड फुगली, वरचा थर उलला आणि आतून भुसा दिसायला लागला.

गणपतीच्या आधी मखराच्या कामासाठी सुतारकाका आले होते. त्यांनी टेबलाखाली हात घालून नखाने कडेची पट्टी चाचपली, एक स्क्रू काढला आणि भोकातला चुरा तळहातावर टिपून मला दाखवला. तांबूस, जाडाभरडा, चुरमुऱ्याच्या पिशवीच्या तळाशी राहतो तसा.

"हे लाकूड नाय हो. भुसा नि डिंक. वर कागद. तीन वर्षं कागदाला तेल पाजताय तुम्ही."

कागद म्हणजे नक्की काय

काकांचं बोलणं शब्दशः खरं होतं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या कपच्या युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंदात कालवून, उष्णता आणि दाबाखाली थापलेला तक्ता. त्यावर मेलामाईन रेझिनमध्ये भिजवलेला छापील कागद गरम दाबून बसवतात. बाजारात याला 'प्रीलॅम' म्हणतात. साग, अक्रोड, ओक, जे काय दिसतं ते त्या कागदावर छापलेलं असतं. मेलामाईन तेच, ज्याच्या न फुटणाऱ्या ताटल्या आपल्याकडे असतात. ताटली तेल पीत नाही, धुतली की झालं. टेबलाचा वरचा थर त्याच ताटलीचा सख्खा भाऊ.

एमडीएफमध्ये कपच्यांऐवजी लाकडाचे बारीक तंतू असतात, त्यामुळे त्याची कड गुळगुळीत, खरवडल्यावर मऊ पिठासारखा भुसा पडतो. एचडीएचएमआर म्हणजे त्याचाच जास्त घट्ट, ओल जरा जास्त सोसणारा भाऊबंद. सनमायका चिकटवलेलं असेल तर तो साधारण एक मिलिमीटरचा वेगळा थर असतो. आणि विनिअर असेल तर ते मात्र खरं लाकूड, पण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं, आणि कारखान्यातून निघताना त्यावर बहुतेक वेळा लॅकर, म्हणजे पारदर्शक पॉलिश, मारलेलं.

कंपन्या लाकूड का देत नाहीत, याचं कारण नुसती काटकसर हे नाही. अखंड लाकूड हवेतल्या ओलीप्रमाणे आडवं फुगतं आणि आकसतं. कारखान्यात यंत्राने पाडलेली भोकं चार महिन्यांनी तुमच्या घरी जुळायला हवीत ना? बोर्ड कोरडा असेपर्यंत जागचा हलत नाही, म्हणून जोडणीच्या फर्निचरला तो सोयीचा. दुसरीकडे तो वजनाने भारी आणि पाण्याला हळवा. आयकियाचं 'लॅक' हे छोटं टेबल तर आतून बरंचसं पोकळ असतं, मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा कागद. त्याच कंपनीचे 'इव्हार' रॅक मात्र कोऱ्या पाइनच्या लाकडाचे येतात, त्यांना तेल, मेण किंवा वॉर्निश लावणं चांगलंच. म्हणजे ब्रँड सांगून मला विचारू नका. एकाच दुकानातल्या दोन वस्तूंची उत्तरं उलटी असतात.

ओळखायचं कसं

सगळ्यात सोपं, जोडणीच्या कागदावर किंवा दुकानाच्या पानावर सामग्री लिहिलेली असते, ती वाचा. 'पार्टिकल बोर्ड', 'फॉइल', 'मेलामाईन', 'लॅमिनेट' यांतला एकही शब्द वरच्या पृष्ठभागाबद्दल दिसला की तेलाचा विषय तिथेच मिटला. नुसतं 'इंजिनिअर्ड वुड' लिहिलं असेल तर ते बोर्डचंच गोड नाव आहे.

कागद हरवला असेल, आणि तो हरवतोच, तर कप्प्याच्या खिळीचं एक रिकामं भोक शोधा. पुस्तकांच्या रॅकला आणि कपाटाला अशी भोकांची रांग असते. मोबाइलचा टॉर्च आत मारा, टाचणीने थोडं खरवडा. जाड चुरा म्हणजे पार्टिकल बोर्ड, पिठासारखा म्हणजे एमडीएफ, आणि लांबट तंतू, लाकडाचा वास असं काही असेल तर ते खरं लाकूड.

मग कड बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत जातात का? खऱ्या लाकडात रेषा वळसा घेऊन जातात, आणि फळीच्या टोकाला बारीक छिद्रं किंवा वाढीच्या कमानी दिसतात. प्रीलॅममध्ये कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असते आणि नख लावलं की तिचा सांधा लागतो. वरची गाठ दोन फुटांवर पुन्हा तशीच्या तशी दिसली तर तो छापखान्याचा पराक्रम आहे, झाडाचा नाही. रबरवुड आणि बाभळीच्या जातीच्या अकेशियाचे तक्ते मात्र बोटभर-चार बोटं रुंद पट्ट्या जोडून केलेले असतात, प्रत्येक पट्टीची छटा वेगळी, मध्ये मध्ये दातेरी सांधे. त्याला बघून 'तुकडे जोडलेत, नकली आहे' म्हणू नका. ते खरं लाकूड आहे.

खरं लाकूड निघालं तरी लगेच तेल नको. त्यावर आधीच काही थर आहे का हे बघायचं. टेबलाच्या खालच्या बाजूला, पण वरच्यासारखंच पॉलिश असलेल्या जागी, पाण्याचा एक थेंब ठेवा. दहा मिनिटांनी तो तसाच गोल बसलेला असेल तर वर लॅकर, मेलामाईन पॉलिश किंवा पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) आहे, तेल आत जाणार नाही. थेंब पसरून खालचं लाकूड काळसर झालं तर लाकूड उघडं आहे, ते पिईल. उलट्या टेबलाची खालची बाजू बरेचदा कोरीच सोडलेली असते, तिथली परीक्षा वरच्याला लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. मी एका मित्राच्या घरी नेमका तिथेच फसलो होतो. आणि ही पाण्याची परीक्षा बोर्डच्या उघड्या कडेवर करायची नाही, ती कड त्या एका थेंबानेही फुगते.

जुनं, कुणाकडून घेतलेलं फर्निचर असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन आडोशाच्या जागी टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश. काहीच झालं नाही तर मेलामाईन किंवा पीयू. फ्रेंच पॉलिश असेल तर तेलापेक्षा पॉलिशवाल्याला बोलावून पुन्हा एक हात मारून घेणं बरं.

क्रिकेट खेळलेल्यांना हे सगळं एका वाक्यात सांगता येतं. इंग्लिश विलोच्या नव्या बॅटला कच्चं जवसाचं तेल लावतात, कारण उघडं लाकूड ते पितं. पण बॅटवर पारदर्शक शीट चिकटवलेली असेल तर त्या शीटवर कुणी तेल ओततं का?

तेल वाळतं की सडतं

'कुठलंही तेल चालेल' हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे. तेलं दोन वृत्तीची. काही हवेतला ऑक्सिजन ओढून घेतात, त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याचा घट्ट पापुद्रा होतो. यांना वाळणारी तेलं म्हणतात. बाकीची वर्षानुवर्षं तेलच राहतात, फक्त खवट होतात. हा स्वभाव मोजायला आयोडीन मूल्य म्हणून एक आकडा असतो. तो साधारण 130 च्या वर असेल तर तेल वाळतं, 115 च्या खाली असेल तर वाळत नाही, मधली अर्धवट. जवसाचं मूल्य 170 च्या वर, खोबरेलाचं 10 च्या आसपास. शेंगदाणा 90 ते 100 च्या आगेमागे, ऑलिव्ह त्याहून थोडं खाली.

गंमत म्हणजे आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडचं करडईचं तेल वाळणाऱ्यांच्या पंक्तीत बसतं. करडईच्या तेलाच्या बरणीच्या तोंडाशी जो चिकट पापुद्रा धरतो तो हाच. सूर्यफूल मधल्या गटात, आणि ओट्याच्या वरच्या कपाटावर, एक्झॉस्टच्या पात्यांवर जो मेणचट राप बसतो, जो बोटाने निघत नाही आणि साबणाला दाद देत नाही, तो अशा तेलाच्या वाफेचा अर्धवट वाळलेला थर. टेबलावर सूर्यफुलाचं तेल चोळणं म्हणजे तोच राप हाताने, मन लावून तयार करणं.

मग माझं बेलतेल वाळणारं असून का फसलं? बेलतेल म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाच्या नावाने मिळणारं तेल. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. उघड्या लाकडात ते झिरपतं, जादा पुसून घेतलं की एक-दोन दिवसांत वाळतं. मेलामाईनवर झिरपायला जागाच नाही. सगळं वरच राहिलं, जाड राहिलं, वरून साय धरली, खाली ओलंच. त्यात जुलैची ठाण्याची हवा. दमट हवेत ते आणखी रेंगाळतं. त्या चिकट सायीवर पंख्याची धूळ बसली आणि धूळ-तेलाच्या त्या मेजवानीवर बुरशी आली. बुरशीला वनस्पती तेल चालतं, खूप आवडीने चालतं. 'बुरशी येऊ नये म्हणून तेल' लावणारे तिला ताट वाढून देत असतात.

बाजारात 'टीक ऑइल' या नावाने जे मिळतं ते सागाच्या झाडाचं तेल नसतं. बहुधा जवस किंवा टुंग तेल, वॉर्निश आणि टर्पेंटाईन यांचं मिश्रण. वाईट नाही, पण नावाला भुलून जास्त पैसे देऊ नका.

कोरडं नाही, ओलं आहे

आता मूळ दुखण्याकडे. टेबल 'रुक्ष' का दिसतं? प्रीलॅमवर हे मुख्यतः बारीक ओरखड्यांमुळे आणि फरशी पुसण्याच्या फडक्यातल्या फिनेलच्या, साबणाच्या सायीमुळे होतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, घट्ट पिळलेलं सुती फडकं, मागोमाग कोरडं फडकं. माझ्या टेबलाचा निम्मा रुक्षपणा एवढ्याने गेला असता, तेही पहिल्या दिवशी.

पण बोर्डचा खरा शत्रू म्हणजे पाणी आत शिरण्याच्या जागा. वरून कागद आहे, कडेला पट्टी आहे, पण खालची कड, मागची कड, वायर जायला पाडलेलं गोल भोक, स्क्रूची भोकं, या सगळ्या जागा उघड्या असतात. बोर्ड दाबून बनवलेला असतो. पाणी मिळालं की दाबलेल्या कपच्या पुन्हा उसळतात आणि गोंद सुटतो. वाळवल्यावर पाणी जातं, फुगवटा जात नाही. इस्त्री फिरवून, वजन ठेवून तो बसवता येतो असं सांगणारे भेटतील. मी दोन्ही केलं. बसत नाही.

आपल्या घरांत ही कड कुठून भिजते? रोज लादी पुसताना. ओलं फडकं कपाटाच्या खालच्या कडेला रोज सकाळी घासून जातं. वर्षाचे तीनशे दिवस. टीव्हीच्या खालचं युनिट नेहमी पायथ्याशीच फुगतं ते म्हणून. यावर पाच-दहा रुपयांचे रबरी बूट किंवा प्लास्टिकचे गोल पाय लावा, जमिनीपासून अर्धा इंच उचललं तरी पुरे. भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर चार बोटं जागा सोडून ठेवा, हवा फिरू द्या.

उघड्या कडा बंद करायच्या असतील तर ते काम उन्हाळ्यात करा, बोर्ड कोरडा असताना. बारीक पॉलिश पेपरने कड साफ करायची, पाण्याला टिकणाऱ्या प्रकारातला फेविकॉल पातळ करून ब्रशने एक हात, वाळला की पुन्हा हलका पॉलिश पेपर, मग ऑइल पेंट किंवा वॉर्निशचे दोन हात. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तीही चालते, एमडीएफवर तर छान बसते. वायरच्या भोकाची आतली कड विसरू नका, चहाचा कप नेमका तिथेच सांडतो. कडेला तेल मात्र चुकूनही नको. आत शिरलेल्या तेलावर नंतर ना रंग धरतो, ना पट्टीचा गोंद. माझा कोपरा दुरुस्त करताना सुतारकाकांनी नवी पट्टी दोनदा चिकटवली आणि दोनदा ती आठवड्यात सुटली, ते याच कारणाने.

खरं लाकूड निघालं तर

मग जरूर तेल लावा, पण पावसाळ्यात नाही. नोव्हेंबर ते मे.

180 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220, दोन्ही रेषांच्या दिशेने. आडवा घासला तर ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. भुसा ब्रशने आणि किंचित ओलसर फडक्याने काढून पूर्ण वाळू द्या. पहिला हात बेलतेल आणि टर्पेंटाईन निम्मं-निम्मं, म्हणजे आत चांगलं जातं. फडक्याने पातळ पसरवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग जे वर राहिलंय ते सगळं, अगदी सगळं पुसून काढा. इथेच लोक हात आखडता घेतात, 'राहू दे की, पिईल रात्रीतून' म्हणतात. पिणार नाही. जे वीस मिनिटांत गेलं नाही ते चिकटच होणार. दुसऱ्या दिवशी तळहात फिरवून बघा, कोरडं लागलं तर दुसरा हात, आता नुसतं तेल, तितकंच पातळ. तीन हात पुरतात. फळीच्या खालच्या बाजूलाही एखादा हात द्या. एकच बाजू बंद केली की ओल दुसऱ्या बाजूने आत-बाहेर करते आणि फळी वाकते.

आणि हे मात्र थांबून वाचा. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. पसरलेल्या फडक्यातून ती उडून जाते, गोळा केलेल्या फडक्यात साठते, आणि तो गोळा काडी न लावता पेट घेऊ शकतो. ही ऐकीव भीती नाही, रंगकामाच्या जागी आगी लागण्याचं हे ओळखीचं कारण आहे. फडकं गॅलरीत एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून मग टाका.

पोळपाट, भाजी चिरायची पाटी यांना बेलतेल नको, त्यात धातूंचे क्षार आहेत. त्यासाठी औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आणा, पोट साफ व्हायला देतात तेच. ते वाळत नाही, पण खवटही होत नाही, आणि पाटी धुतली जाते तसं अधूनमधून पुन्हा लावता येतं. टेबलाला ते नको, कायम ओशट राहील.

माझं मत विचाराल तर किनारपट्टीवरच्या घरात, रोजच्या जेवणाच्या टेबलाला मी तेल लावणार नाही. पीयूचे दोन हात मारीन. तेलाची शोभा वेगळीच, लाकूड आतून उजळल्यासारखं दिसतं, हे मान्य. पण जवसाचं तेल कालांतराने पिवळं पडतं, पाइनसारख्या फिक्या लाकडावर ते उठून दिसतं, आणि दमट हवेत त्यावर बुरशी येतेच. पुणे-नाशिककडच्या कोरड्या हवेत, पुस्तकांच्या रॅकला, बिनधास्त लावा. विनिअर उघडं असेल तर तेल चालतं, फक्त पॉलिश पेपर हळू. अर्धा मिलिमीटर किती लवकर संपतो ते एकदा घासून कळलं की मग उशीर झालेला असतो.

लाकडाच्या भोकांतून पिठासारखी पूड पडत असेल तर ती कीड आहे, तेल त्यावर औषध नाही. लाकडी ड्रॉवर अडकतोय म्हणून तेल सोडत असाल तर त्याऐवजी साधी मेणबत्ती घासा.

आधीच चिकट करून ठेवलंय त्यांच्यासाठी

खोबरेल, शेंगदाणा असं न वाळणारं तेल असेल तर काम सोपं. आधी जुनं वर्तमानपत्र किंवा टिश्यू दाबून टिपून घ्या, मग डाळीचं पीठ भुरभुरवून अर्धा तास ठेवा आणि झटका. दिवाळीच्या अभ्यंगात जे जमतं ते इथेही जमतं. नंतर साबणाचं कोमट पाणी, घट्ट पिळलेलं फडकं, कोरडं फडकं. कडांच्या सांध्यावर पाणी जाऊ देऊ नका.

बेलतेलाची साय धरली असेल तर फडक्यावर थोडं टर्पेंटाईन घेऊन एका वेळी वीतभर जागा, गोल गोल न घासता एकाच दिशेने. फडकं चिकटायला लागलं की बदला. खिडक्या उघड्या, गॅस बंद. हे आधी आडोशाच्या जागी करून बघा, कारण मेलामाईन आणि सनमायका टर्पेंटाईन सहज सोसतात, पण रंगवलेले आणि स्वस्त फॉइल चिकटवलेले पृष्ठभाग कुरकुर करतात. थिनर वापरू नका, तो छपाईच उतरवतो. घट्ट बसलेल्या ठिपक्यांसाठी जुनं एटीएम कार्ड आडवं धरून खरवडा, चाकू नको.

बुरशी असेल तर ती आधी, कोरडी झटकायची नाही, घरभर उडते. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून ओलसर फडक्याने टिपायची, वाळवायची, आणि टेबल पंख्याखाली दोन दिवस मोकळं ठेवायचं. चकाकी हवीच असेल तर प्रीलॅमवर कोरडं मायक्रोफायबरचं फडकं पुरतं. सिलिकॉनचे स्प्रे दिसायला छान, पण लाकडी पॉलिशवर मारलेत तर पुढे कधी पुन्हा पॉलिश करताना ते जागोजागी धरत नाही, गोल गोल खळगे पडतात आणि पॉलिशवाला तुमच्याकडे बघत राहतो.

माझ्या टेबलाला ती सगळी साय काढायला दोन रविवार आणि टर्पेंटाईनची एक बाटली लागली. वरचा भाग आता नवा नसला तरी कोरडा आहे. लॅपटॉपचा चौथा पाय फेविक्विकने बसवलाय. फुगलेला कोपरा काही बसला नाही. त्यावर ऑइल पेंट मारलाय आणि टेबल फिरवून तो कपाटाच्या बाजूला केलाय.